‘कामाला चाललोय’ म्हणजे नेमकं कशाला? बिझनेस व्हिसा की वर्क परमिट

प्रश्न असा आला आहे: “कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. जर्मनीतल्या ग्राहकाकडं गेलेल्या एका लॉटमध्ये बर (कडेला उरलेला धातूचा कंगोरा) राहिलाय आणि काही नगांची भोकं अंडरसाइज निघाली आहेत. ग्राहक म्हणतो, माणसं पाठवा आणि माल निवडून, दुरुस्त करून द्या. क्वालिटीचा एक इंजिनिअर आणि दोन फिटर तीन आठवड्यांसाठी पाठवायचे आहेत. एजंट म्हणतो, नव्वद दिवसांच्या आतलं असेल तर बिझनेस व्हिसा पुरतो. हे खरं का? दुसरं, माझ्या भाच्याला दुबईत वेल्डरची नोकरी मिळतेय, पण आधी व्हिजिट व्हिसावर या म्हणतात. पाठवू का?”

तुमच्या एजंटानं दिवस मोजले. व्हिसा देणारा अधिकारी आधी हात बघतो. हा माणूस तिथं जाऊन हातानं काय करणार, हे त्याला कळलं की मग दिवसांचा हिशोब. तीन आठवडे सोडा, तीन तास जरी तुमचा फिटर ग्राहकाच्या शॉप फ्लोअरवर भोकं मोठी करायला रीमर फिरवत उभा राहिला, तरी कायद्याच्या नजरेत ते काम आहे. आणि तुमचा इंजिनिअर महिनाभर रोज ग्राहकाबरोबर मीटिंगला बसला, तरी ती बिझनेस ट्रिप आहे.

ह्याची अर्धी गोम आपल्या भाषेत आहे. आपण वकिलाकडं गेलो तरी ‘कामाला गेलोतो’, शाहूपुरीत गुळाचे सौदे बघायला गेलो तरी ‘कामाला’, आणि फौंड्रीत मोल्डिंगवर उभं राहिलो तरी ‘कामाला’च. तिकडं विमानतळावर अधिकाऱ्यानं ‘पर्पज ऑफ व्हिजिट?’ विचारलं की आपला माणूस मनातल्या मनात भाषांतर करतो आणि ‘वर्क’ म्हणून मोकळा होतो. नुसत्या मीटिंगला निघालेले मालकसुद्धा ‘वर्क, वर्क’ म्हणत अडकलेले मी बघितलेत. त्यामुळं माझ्याकडून व्हिसा काढून जाणाऱ्या प्रत्येकाला मी आधी मराठीत बोलायला लावतो. “काय करणार तिथं?” असं विचारल्यावर ‘काम’ हा शब्द न वापरता सांगायचं. ‘ग्राहकाला भेटणार, माल तपासणार, रिपोर्ट करणार.’ हे जमलं की इंग्रजी आपोआप बरोबर येतं. आणि ‘काम’ वगळून सांगताच येत नसेल, तर तो माणूस बिझनेस व्हिसावर जायचाच नाही, हेही तिथंच कळतं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखानदारानं सांगितलं, ‘टेक्निकल डिस्कशन लिहा, बाकी आम्ही बघतो.’ मी लिहिलं. व्हिसा छान मिळाला. पोरगं फिटर होतं, हुशार, पण परदेशात पहिल्यांदाच. तिथल्या विमानतळावर बॅग उघडली तर आत मायक्रोमीटर, हँड ग्राइंडर, सेफ्टी शूज आणि घडी घातलेली डांगरी, म्हणजे कारखान्यात कामावर घालायचा पोशाख. डिस्कशनला डांगरी कशाला, ह्या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर नव्हतं आणि कागदावर तर माझं गोड पत्र होतं. पुढच्या विमानानं परत. त्याच्या पासपोर्टवर प्रवेश नाकारल्याची खूण राहिली आणि पुढं कुठल्याही देशाच्या फॉर्मवर ‘कधी प्रवेश नाकारला होता का?’ ह्या रकान्यात त्याला ‘हो’ लिहावं लागलं. कारखान्याचं नुकसान एका तिकिटाचं झालं, पोराचं मात्र बरंच. त्यात चूक माझीही होती, म्हणून आज नाही म्हणायला शिकलोय.

आता तुमच्या जर्मनीच्या प्रकरणाकडं येऊ. एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या देशांच्या सामायिक व्हिसाचा, स्टिकर आज २९ देशांत फिरायची मुभा देतो, काम करायची देत नाही. कुठलं काम चालेल, कुठल्याला परमिट लागेल, हे प्रत्येक देश आपापल्या कायद्यानं ठरवतो. त्यामुळं ‘अमक्याचा माणूस इटलीत गेला, काही झालं नाही’ हा दाखला जर्मनीला लागू होत नाही.

जर्मनीच्या रोजगार नियमावलीत तुमच्या कामाची दोन कलमं आहेत. सोळावं कलम बिझनेससाठी येणाऱ्यांचं: परदेशातल्या कंपनीचा नोकर, तिथं बोलणी करणार, ऑफर देणार, करार करणार किंवा झालेल्या कराराची अंमलबजावणी नीट चाललीय का ते बघणार, तर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत त्याला वर्क परमिट लागत नाही. ह्यातला शेवटचा तुकडा तुमच्या कामाचा. क्वालिटी इंजिनिअर जाऊन माल तपासतो, ग्राहकाच्या माणसाबरोबर स्वीकार-नकाराची हद्द ठरवतो, ८-डी रिपोर्टवर (दोष का आला आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय केलं, त्याचा अहवाल) चर्चा करतो, हे सगळं ह्यात बसवता येतं. त्याला बिझनेस व्हिसा.

एकोणिसावं कलम मशीन विकणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही तुमच्या कंपनीचं मशीन किंवा प्लांट तिकडं विकलंय आणि तुमचीच माणसं ते बसवायला, चालवायला शिकवायला, दुरुस्त करायला जात आहेत, तर बारा महिन्यांत ९० दिवसांपर्यंत मुभा आहे. मात्र काम सुरू व्हायच्या आधी तिथल्या रोजगार कार्यालयाला, म्हणजे बुंडेसआगेंटुअर फ्युअर आर्बाइटला, कळवावं लागतं. गोकुळ शिरगावातला एखादा एसपीएम, म्हणजे खास कामाची मशीनं, बनवणारा असता तर त्याला मी हाच रस्ता दाखवला असता. तुमचं तसं नाही. तुम्ही मशीन विकलेलं नाही, तुम्ही सुटे भाग पाठवलेत. त्या भागांवर बर काढत बसणं हे ह्या कलमात सरळ बसत नाही, आणि ओढूनताणून बसवायला जाऊ नका.

मग फिटरांचं काय? माझा सल्ला ऐकून तुमच्या पोटात दुखेल, पण फिटर पाठवूच नका. जर्मनीत वाहन उद्योगाच्या आसपास माल निवडून, घासून देणाऱ्या त्रयस्थ कंपन्या असतात. ग्राहकाच्या सप्लायर क्वालिटीवाल्याला त्यांची नावं माहीत असतात. त्यांना काम द्या, बिल तुमच्या नावावर घ्या, इंजिनिअरला देखरेखीला उभं करा. तासाचा दर युरोत ऐकून गरगरायला होतं हे खरं. पण दोन फिटरांची तिकिटं, व्हिसा, विमा, हॉटेल, भत्ता आणि वर सापडले तर ग्राहकाच्या दारात होणारी शोभा हे सगळं मांडून बघा. बेकायदा काम करून घेतलं म्हणून ग्राहकालाही दंड होतो, आणि एकदा तसं झालं की पुढच्या ऑर्डरचं बोलणंच नको. माल फारच असेल तर बदली लॉट हवाई मार्गे पाठवून जुना माल स्क्रॅप करायचा हिशोबही करून बघा. कधीकधी तो स्वस्त पडतो.

ग्राहक अगदी हटूनच बसला की तुमचेच फिटर पाहिजेत, तर त्याला म्हणा, तुमच्या एचआरनं रोजगार कार्यालयाकडं लेखी विचारणा करून मंजुरी आणावी. ती आली तर व्हिसा त्या मंजुरीवर मागायचा, बिझनेसच्या नावाखाली नाही. वेळ जातो, आणि तुमच्या तीन आठवड्यांच्या घाईत ते बसेल असं मला वाटत नाही.

इंजिनिअरच्या कागदांत सगळ्यांत जड कागद निमंत्रण पत्र. ‘आम्ही यांना बिझनेससाठी बोलावत आहोत’ एवढ्या एका ओळीचं पत्र मी परत पाठवतो. त्यात पत्ता, तारखा, पर्चेस ऑर्डरचा नंबर, कुठल्या मालाबद्दल भेट आहे, रोज कुणाबरोबर बसणार, खर्च कोण करणार आणि सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन हे सगळं पाहिजे. आणि एक वाक्य हमखास घालून घ्या की पाहुणा उत्पादनाचं कुठलंही हातकाम करणार नाही, पगार भारतातली कंपनीच देते. तुमच्या लेटरहेडवरचं पत्र ह्या पत्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे. एका पत्रात २१ दिवस आणि दुसऱ्यात २५ दिवस असले की फाइल तिथंच लंगडी होते.

बाकी कागद ठरलेले: तीन वर्षांचे आयटीआर, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगारपत्रकं, कंपनीचं जीएसटी आणि उद्यम प्रमाणपत्र, हॉटेल, परतीचं बुकिंग, किमान ३०,००० युरो कव्हरचा प्रवास विमा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. असोसिएशनचं शिफारसपत्र लोक हौसेनं जोडतात; चालतं, पण त्यानं फार काही हलत नाही.

कोल्हापूरच्या फायलींत एक गोष्ट नेहमी अडते. माणसाचा पगार बेताचा, आयटीआर त्याहून बेताचा, पण घरी चार एकर ऊस. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आयटीआरमध्ये ते ठळक दिसतच नाही, आणि तिकडच्या अधिकाऱ्याला वाटतं ह्याला परत यायला कारण काय? अशा वेळी सातबारा, आठ-अ आणि कारखान्याची ऊसबिलं, ती ज्या खात्यात जमा झाली त्याच्या स्टेटमेंटसकट, इंग्रजी भाषांतर करून जोडा. परत येण्याचं ह्याच्याइतकं घट्ट कारण दुसरं नाही. उलट काहीजण करतात ते करू नका: पाहुण्याकडून चार लाख आणून अर्जाच्या आठवड्यात खात्यात भरायचे आणि पुढच्या आठवड्यात परत करायचे. असा एकरकमी भरणा स्टेटमेंट चाळणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसतो.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि साधारणपणे १५ दिवस आधी तरी झालाच पाहिजे. निर्णयाला १५ दिवस, शंका आली तर ४५ पर्यंत. फी ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला आपल्याला पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. खरी मारामारी अपॉइंटमेंटची असते. डसेलडॉर्फला चार वर्षांतून एकदा गिफाचं फौंड्री प्रदर्शन भरतं, मागचं जून २०२३ ला झालं, पुढचं २०२७ ला आहे. त्या वर्षी आपल्याकडचे निम्मे फौंड्रीवाले एकाच वेळी जागे होतात. जायचं असेल तर स्टॉलवाल्याचं ब्रोशर बघण्याआधी तारीख धरा.

नकार आला तर जुना सल्ला, म्हणजे ‘फेरविचाराचा अर्ज टाका’, हा जर्मनीपुरता आता संपला. ती सोय त्यांनी १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता नव्यानं अर्ज, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात दावा. म्हणजे पहिलीच फाइल नीट जायला पाहिजे.

स्टिकर हातात आल्यावर तो वाचायचा. वरच्या ‘पासून-पर्यंत’ तारखा म्हणजे दाराची वेळ, आत किती दिवस राहायचं ते ‘ड्युरेशन ऑफ स्टे’च्या रकान्यात असतं. तिथं २१ लिहिलं असेल तर २१च, मग वरची तारीख पुढच्या महिन्याची का असेना. उतरलेला दिवस आणि निघालेला दिवस दोन्ही मोजतात. आणि ९० दिवसांचा हिशोब कॅलेंडरच्या सहामाहीचा नाही. ज्या दिवशी मोजाल त्या दिवसापासून मागं १८० दिवसांत किती राहिलात, असा तो सरकता हिशोब आहे. पूर्वी शिक्क्यांवर कुणी फार लक्ष देत नसे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर ठसे आणि चेहरा घेऊन नोंद करणारी संगणकी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली, ती एक दिवसही विसरत नाही.

चांगली बाजूही सांगतो. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झालाय: तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा बहुप्रवेशी आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. म्हणून ज्याला वारंवार पाठवायचंय त्या एकाच माणसाचा पासपोर्ट जड करा. दरवेळी नवा माणूस पाठवलात तर दरवेळी श्रीगणेशा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण बाकीचे देशही तुमच्या वाट्याला येतील म्हणून थोडक्यात. अमेरिकेच्या बी-१ ह्या बिझनेस व्हिसावर मशीन बसवायला, दुरुस्त करायला माणूस जाऊ शकतो, पण ते मशीन अमेरिकेबाहेरच्या कंपनीनं विकलेलं पाहिजे आणि विक्रीच्या करारातच ती सेवा लिहिलेली पाहिजे. नंतर जोडलेलं पत्र चालत नाही, पगार अमेरिकेतून घेता येत नाही, आणि बांधकामाचं हातकाम तर नाहीच. कोल्हापूरचे लोक कोटेशन दोन पानांत उरकतात, तिथंच हे कलम राहतं. मुलाखत मुंबईत बीकेसीला. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणून दहा वर्षं राहायचं नसतं. राहण्याची मुदत दर वेळी आय-९४ ह्या प्रवेशाच्या नोंदीवर ठरते. ब्रिटनमध्ये वेगळा बिझनेस व्हिसाच नाही, स्टँडर्ड व्हिजिटरमध्येच बैठका बसतात आणि विकलेल्या यंत्राची दुरुस्तीही करारानुसार बसते. चीनला यंत्रं बघायला जाणाऱ्या इचलकरंजीकरांना एम व्हिसा लागतो, नोकरीला झेड.

चप्पलवाल्यांचा प्रश्न हल्ली बराच येतो. प्रदर्शनात स्टॉल लावून ऑर्डर घेणं बिझनेस व्हिसात बसतं. नमुने नेऊन परत आणायचे असतील तर फिक्की ह्या उद्योगसंघटनेकडून एटीए कार्नेट (माल तात्पुरता नेऊन परत आणायचा कागद) काढा, म्हणजे तिकडं आयातशुल्क भरावं लागत नाही. पण कार्नेटवर नेलेला जोड तिथं रोखीत विकला तर घोळ होतो. विकायचा माल वेगळ्या कागदावर न्यायचा.

आता भाच्याचं. ‘व्हिजिटवर या, इथं बदलून देतो’ हे वाक्य गल्फच्या धंद्याइतकंच जुनं आहे. व्हिजिटवर असताना नोकरी मिळवून तिथंच कागद बदलून घेणं यूएईत होतं, ते खोटं नाही. पण परमिट हातात येईपर्यंत एक रॉडसुद्धा जाळायचा नाही. आणि वेल्डरला बोलावणारा माणूस त्याला दोन महिने हॉटेलात बसवून ठेवणार आहे का? तो पहिल्या सोमवारीच साइटवर नेणार. ऑगस्ट २०२४ च्या कायद्यानं परमिटशिवाय कामाला ठेवणाऱ्या मालकाला एक लाखापासून दहा लाख दिऱ्हॅमपर्यंत दंड आहे. म्हणजे धाड पडली की मालक पहिल्यांदा काय म्हणणार? ‘हा आमचा माणूसच नाही.’ पगार बुडाला तर तक्रार कुठल्या तोंडानं करणार, करारच नाही. मुदत उलटली की दिवसाला ५० दिऱ्हॅम दंड चढत जातो तो वेगळाच. ‘आझाद व्हिसा’ म्हणून कुणी विकत असेल, म्हणजे स्पॉन्सर एकाचा आणि काम भलत्याकडं, तर तोही ह्याच माळेतला मणी.

सरळ रस्ता लांब नाही. कंपनी ऑफर लेटर काढते, ते तिथल्या कामगार मंत्रालयात नोंदवलं जातं, पोरानं सही केल्यावर नोकरीचं एंट्री परमिट येतं, ते घेऊन तो विमानात बसतो, तिथं मेडिकल आणि एमिरेट्स आयडी होतं. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च तिथल्या कायद्यानं मालकाचा आहे. ऑफरमध्ये मूळ पगार आणि भत्ते वेगळे बघा, कारण नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. एजंट ‘एकूण दोन हजार’ सांगतात आणि मूळ आठशे निघतो.

पोरगं दहावी पास आहे का? नसेल तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा, शेरा असेल आणि यूएईसकट अठरा देशांत नोकरीला जायला ई-मायग्रेट ह्या सरकारी पोर्टलवरून मंजुरी लागेल, सोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दहा लाखांचा विमा. कटकट वाटते, पण त्या कटकटीत करार सरकारदप्तरी जातो, तो पुढं कामाला येतो. दहावी आणि आयटीआय झालेलं असेल तर ही चाळणी त्याला नाही. एजंटांना असलीच पोरं आवडतात, कारण विमानतळावर कुणी विचारत नाही.

एजंटाचं नाव ई-मायग्रेटच्या यादीत शोधा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००, एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. दीड लाख रोख मागणारा काय विकतोय ते तुम्हीच ओळखा. आणि पासपोर्टवर नाव बघा. आडनावाचा रकाना रिकामा आणि नावाच्या रकान्यात एकच शब्द, असे पासपोर्ट आपल्या भागात अजून निघतात. नोव्हेंबर २०२२ पासून एकाच शब्दाच्या नावावर यूएईत व्हिजिटनं प्रवेश नाही. तसं असेल तर आधी इथल्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात दुरुस्तीला टाका. फाइल पुणे कार्यालयाकडं जाते, थोडे दिवस धरून चाला.

इंजिनिअरसाठी आज एवढं करा. ग्राहकाला मेल टाकून त्रयस्थ सॉर्टिंगवाल्यांचे दर मागवा आणि त्याच मेलमध्ये निमंत्रण पत्राचा मसुदा पाठवा, वर सांगितलेल्या त्या एका वाक्यासकट. आणि निघायच्या आदल्या रात्री त्याची बॅग तुम्ही स्वतः उघडून बघा. व्हर्नियर आणि गेज राहू द्या, तपासायला लागतात. डांगरी घरी.